'फायर एम्ब्लेम: रेडियंट डॉन' आणि समीक्षकांचा कौल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ नेमका कोणता आणि कशाचा पुढचा भाग?

जपानच्या इंटेलिजंट सिस्टम्सने बनवलेला आणि निन्टेंडोने वी या यंत्रासाठी काढलेला हा टॅक्टिकल रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे पटावर आळीपाळीने फौज चालवायची आणि पात्रं वाढवत न्यायची. जपानमध्ये तो २२ फेब्रुवारी २००७ ला आला, उत्तर अमेरिकेत ५ नोव्हेंबर २००७ ला आणि युरोपात १४ मार्च २००८ ला. जपानी नाव 'आकात्सुकी नो मेगामी', म्हणजे पहाटेची देवी.

२००५ साली निन्टेंडोच्या वीआधीच्या गेमक्यूब या यंत्रावर आलेल्या 'पाथ ऑफ रेडियन्स'ची गोष्ट संपते, त्यानंतर तीन वर्षांनी ही सुरू होते. खंड तोच, टेलियस. मागच्या युद्धात हरलेला डेइन देश आता बेग्नियन साम्राज्याच्या टाचेखाली आहे आणि आधी शत्रू म्हणून पाहिलेल्या त्या देशाच्या बाजूने तुम्हाला लढायचं आहे. १९९० पासून चालत आलेल्या या मालिकेत इतका सरळ उत्तरार्ध क्वचितच आला आहे. बहुतेक भाग नवं जग, नवी माणसं घेऊन येतात. समीक्षकांच्या बऱ्याच अडचणी इथूनच सुरू झाल्या.

मेटाक्रिटिकवर ७८ गुण आहेत. हे चांगले की वाईट?

समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाच्या खेळांच्या मोजपट्टीवर ७५ ते ८९ हा 'एकंदर अनुकूल' पट्टा आहे, म्हणजे ७८ हा कौल अनुकूलच. पण 'पाथ ऑफ रेडियन्स'ला ८५ होते, पुढे २०१२-१३ मधल्या 'अवेकनिंग'ला ९२ मिळाले आणि २०१९ च्या 'थ्री हाउसेस'ला ८९. या रांगेत ७८ कमी दिसतात, आणि 'मालिकेतला फसलेला भाग' ही ख्याती तिथून चिकटली.

हा आकडा वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तो साधा सरासरी आकडा नाही. कोणत्या प्रकाशनाला किती वजन द्यायचं ते संकेतस्थळ ठरवतं आणि ती वजनं जाहीर करत नाही. त्यात मुख्यतः इंग्रजी समीक्षा मोजल्या जातात, त्यामुळे जपानी कौल त्यात जवळजवळ नाहीच. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: ७८ हे 'सगळ्यांना बरा वाटला' अशा एकमताचे गुण नाहीत. काही समीक्षकांनी याला मालिकेतला सर्वांत भरदार डाव म्हटलं, काहींनी जेमतेम उत्तीर्ण केलं. त्यांची बेरीज-भागाकार करून आलेला मधला आकडा कुणाच्याच मनातला नाही.

समीक्षकांच्या मुख्य तक्रारी कोणत्या होत्या?

दोन जातींच्या, आणि त्या वेगळ्या काढून पाहिल्या नाहीत तर गोंधळ होतो.

पहिली जात सादरीकरणाची: चित्रं गेमक्यूबच्या काळातली वाटतात, वीच्या हलवायच्या रिमोटचा काहीच उपयोग केलेला नाही, संवाद स्थिर चेहरे आणि मजकूर यांच्यावर चालतात.

दुसरी जात रचनेची: सुरुवात फार अवघड, मधूनमधून फौज बदलते, पात्रांची गर्दी, पात्रांमधले 'सपोर्ट' संवाद जवळपास काढून टाकलेले, आणि नव्या खेळाडूला गोष्टीत शिरायला दारच नाही.

पहिल्या जातीच्या तक्रारी काळाबरोबर विरून गेल्या. वीचा रिमोट कसा वापरला याची आज कुणाला पडलेली नाही. दुसऱ्या जातीच्या तक्रारी आजही खऱ्या आहेत, आणि त्यांतल्या एक-दोन हाच या खेळाचा मोठेपणा आहे असं मानणारेही पुष्कळ आहेत.

चित्रांबद्दलची टीका रास्त होती का?

२००७ च्या नजरेने, हो. त्या वर्षी इतर यंत्रांवर हाय-डेफिनिशन खेळ दिसू लागले होते आणि वी नवा होता. त्यावर गेमक्यूबच्या खेळाशी इतकं साधर्म्य असलेला खेळ पाहून लोक हिरमुसले. लढाईचे नकाशे साधे आहेत आणि त्यावरची शिलेदारांची मॉडेलं खडबडीत.

मात्र त्याच समीक्षांमध्ये पूर्वरचित चित्रफितींचं कौतुक आहे, आणि ते सार्थ आहे. सेन्री किता यांची पात्रचित्रंही दोन्ही भागांचा कणा आहेत.

रिमोटबद्दल म्हणायचं तर तो आडवा धरून जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरसारखा चालतो. क्लासिक कंट्रोलर आणि गेमक्यूबचा कंट्रोलरही चालतो. चौकटीचौकटीने पुढे सरकणाऱ्या डावात हात हलवून काय साधणार होतं, हे टीका करणाऱ्यांनी सांगितलं नाही. हा मुद्दा आम्ही बाद धरतो.

'फारच अवघड' ही तक्रार इतकी का झाली?

याचं निम्मं उत्तर भाषांतरात आहे आणि ते बहुतेक समीक्षांत सापडत नाही.

जपानी आवृत्तीत तीन काठिण्यपातळ्या होत्या: नॉर्मल, हार्ड आणि मॅनिअ‍ॅक. इंग्रजी आवृत्तीत त्याच तिघींची नावं बदलून इझी, नॉर्मल आणि हार्ड केली गेली. म्हणजे जपानमध्ये जी 'नॉर्मल' ती पाश्चात्त्य खेळाडूची 'इझी'. डिस्क घालून नेहमीच्या सवयीने 'नॉर्मल' निवडणारा अमेरिकी किंवा युरोपीय समीक्षक प्रत्यक्षात जपानी 'हार्ड' खेळत होता. 'साध्या पातळीवरही अंगावर येतो' असं लिहिलं गेलं ते अशा डावांवरून.

उरलेलं निम्मं उत्तर या खेळाच्या चार भागांतल्या पहिल्या भागात आहे. तिथली नायिका मिकाया हिची टोळी, 'डॉन ब्रिगेड', मुद्दाम दुबळी रचली आहे. एडवर्ड, लिओनार्डो, लॉरा यांच्या अंगी एक-दोन घाव सोसायची ताकद नाही. मिकाया स्वतः जादूगार आहे, शत्रूने गाठलं तर जिवाशी गाठ, आणि ती मेली की डाव संपला. इतर कुणी मेलं तर ते पात्र कायमचं गेलं. नव्या माणसाला पहिल्या तीन-चार प्रकरणांतच हे सगळं पेलायचं असतं.

मग कोणती पातळी निवडावी?

पहिल्यांदा खेळत असाल तर इंग्रजी 'इझी'. त्यात कमीपणा काही नाही, ती जपानची नॉर्मल आहे. मालिकेचे दोन-तीन भाग झाले असतील तर 'नॉर्मल'.

'हार्ड' ही पातळी फक्त शत्रू वाढवत नाही, ती नियमच काढून घेते. तलवार-कुऱ्हाड-भाला यांचा त्रिकोण (एक शस्त्र दुसऱ्यावर भारी पडण्याचा नियम) बंद होतो, शत्रूचा पल्ला पटावर दिसत नाही आणि लढाईच्या मध्येच डाव साठवता येत नाही. शत्रू कुठवर पोचेल याच्या चौकटी स्वतः मोजाव्या लागतात. कठीण डाव आणि माहिती लपवलेला डाव यांत फरक आहे, आणि 'हार्ड' दुसऱ्याकडे झुकते. ज्यांना मालिका पाठ आहे त्यांनीच तिकडे जावं.

खालच्या दोन पातळ्यांवर लढाईत कुठेही डाव साठवण्याची सोय आहे. मेलेली पात्रं परत न येणाऱ्या या मालिकेत ही मोठी सवलत होती. एक चूक मात्र टाळा: हरलेल्या स्थितीत साठवून बसलात तर तेच प्रकरण अडकून पडतं. प्रकरणाच्या सुरुवातीची नोंद नेहमी वेगळ्या जागी ठेवा.

सुरुवातीची प्रकरणं पार करायला काही ठोस युक्ती?

सोथ हा पहिल्या भागाचा आधारवड. तो आधीच दुसऱ्या श्रेणीत आहे, त्यामुळे शत्रू मारून त्याला अनुभवाचे गुण कमी मिळतात. सगळी शिकार त्यालाच करू दिली तर बाकीचे उपाशी राहतात आणि पुढे तिसऱ्या भागात तुम्ही फसता. त्याच्या हातात कमकुवत सुरा द्या, शत्रूला अर्धमेला करू द्या आणि शेवटचा घाव नोलन, एडवर्ड किंवा मिकायाला घालू द्या.

मिकायाकडचा 'थानी' हा प्रकाशमंत्राचा ग्रंथ चिलखती आणि घोडेस्वार शत्रूंवर भारी पडतो, तो साध्या शिपायांवर खर्च करू नका. तिची 'सॅक्रिफाइस' शक्ती स्वतःचे प्राणगुण देऊन दुसऱ्याला बरं करते. ती वापरल्यावर मिकाया शत्रूच्या पल्ल्यात राहणार नाही याची खात्री आधी करा. या भागातले बरेचसे अपमृत्यू नेमके इथे होतात.

फियोना आणि मेग यांना घडवायचा मोह पहिल्या डावात टाळलेला बरा. दोघीही आपल्या वेळच्या शत्रूंच्या मानाने मागे असतात आणि त्यांच्यावर घालवलेला अनुभव नोलन, जिल यांच्या तोंडचा घास असतो.

फौज सतत बदलते म्हणजे नेमकं काय होतं? समीक्षक यावर इतके का चिडले?

खेळाचे चार भाग आहेत. पहिल्यात मिकायाची डॉन ब्रिगेड, दुसऱ्यात क्रिमियाची राणी एलिन्शिया आणि तिचे सरदार, तिसऱ्यात मुख्यतः आधीच्या खेळाचा नायक आइक याची भाडोत्री टोळी आणि तिच्याबरोबर लागूझांची, म्हणजे प्राण्यांचं रूप घेणाऱ्या लोकांची आघाडी, चौथ्यात सगळे एकत्र येऊन तीन तुकड्यांत विभागले जातात. लढायांची संख्या चाळिसाच्या वर जाते.

त्रास कुठे होतो ते हिशेबाने पाहा. पहिल्या भागाच्या शेवटी डॉन ब्रिगेड पडद्याआड जाते. दुसऱ्या भागाची पाच प्रकरणं आणि तिसऱ्याची पहिली सहा, अशी अकरा प्रकरणं ती दिसतच नाही. मग ३-६ मध्ये (तिसऱ्या भागातलं ६ क्रमांकाचं प्रकरण; सुरुवातीची प्रस्तावना या क्रमांकांत धरत नाहीत) अचानक परत येते, आणि समोर कोण, तर मांजर-वाघांच्या रूपात धावून येणारे लागूझ. मधल्या काळात आइकच्या बलदंड फौजेची सवय झालेली असते. आपली पोरं मात्र होती त्याच लेव्हलवर उभी. पुढे ३-१२ आणि ३-१३ अशी आणखी दोनच प्रकरणं त्यांच्या वाट्याला येतात. पहिल्या भागात ज्यांनी सोथ किंवा नाइलाच्या भरवशावर दिवस काढले, त्यांचा इथे कडेलोट होतो.

आणखी एक वर्मी लागणारी गोष्ट: ३-७ मध्ये तुम्ही आइकच्या बाजूने लढता आणि समोर तुम्हीच वाढवलेली डॉन ब्रिगेड असते. तिथे एखाद्याला मारलंत तर तो तुमच्याच यादीतून कायमचा गेला. तिसऱ्या भागाच्या अखेरच्या लढाईत तर दोन्ही बाजू मिळून ८० सैनिक पडेपर्यंत युद्ध थांबत नाही, कोणत्या बाजूचे हे खेळ विचारत नाही.

चिडलेल्या समीक्षकांचं म्हणणं होतं की एका पात्राशी जीव जडतो न जडतो तोच त्याला काढून घेतात. खेळाची वीण म्हणून हे खरं आहे. पण युद्धाच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असणं हाच या कथेचा विषय आहे, आणि तो नुसत्या संवादात न सांगता खेळाडूच्या हातून करवून घेतला आहे. ३-७ मध्ये शत्रूच्या जागी उभ्या एडवर्डवर वार न करता त्याला वळसा घालून जाणारा खेळाडू ती गोष्ट जगत असतो. आमच्या मते मालिकेतली ही सर्वांत धाडसी रचना आहे. हिच्यामुळे खेळाचे गुण कमी झाले, आणि हिच्यामुळेच लोक आजही त्याच्याबद्दल बोलतात.

३-६ मध्ये कायम हरतो. काय चुकतं?

बहुधा पुढे सरकण्याची घाई. रूप बदललेल्या लागूझांचा गेज, म्हणजे ते रूप किती टिकेल याचा मापक, दर फेरीला उतरत जातो, शून्याला पोचला की ते माणसाच्या रूपात येतात आणि तेव्हा त्यांची ताकद निम्म्यावर येते. म्हणून अरुंद जागी दोन-तीन कणखर शिलेदारांची भिंत करा, मिकाया आणि लॉराला मागे ठेवा आणि शत्रूला तुमच्याकडे येऊ द्या. नकाशावर दलदल आहे; तुमचे लोक तिच्यात रुतले तर मागे हटता येत नाही.

झिहार्क वापरत असाल तर सावध राहा. या प्रकरणात समोरच्या फौजेतल्या लेथे किंवा मॉर्डेकाय या लागूझांशी तो बोलला तर तो लागूझांच्या बाजूला जातो. कथेच्या दृष्टीने ते सुंदर आहे, पण तुमचा एक चांगला तलवारबाज ऐन गरजेच्या वेळी जातो.

'सपोर्ट संवाद काढले' म्हणजे काय काढलं?

'पाथ ऑफ रेडियन्स'मध्ये ठरावीक जोड्या एकत्र लढत राहिल्या की तळावर त्यांच्यात लांब, खास लिहिलेले संवाद होत. पात्रं उमगत ती त्यातून. 'रेडियंट डॉन'मध्ये कुणाचीही कुणाशीही जोडी जमते, प्रत्येकाला एक सोबती, आणि रणांगणावर शेजारी उभे राहून बोलता येतं. पण ते बोलणं एक-दोन साच्यातल्या ओळींचं. कुणाची जोडी लावली यावर त्यात विशेष काही बदलत नाही.

कारण उघड आहे: ७३ पात्रांत कुणाचीही कुणाशी जोडी म्हणजे अडीच हजारांहून जास्त जोड्या. त्यांना वेगळे संवाद लिहिणं अशक्य. त्याऐवजी मोजक्या जोड्या ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं. ही तक्रार आम्हालाही पूर्ण पटते. नव्याने आलेल्या नोलन, अरान, लिओनार्डो यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. जुन्यांचे स्वभाव निदान आधीच्या भागातून माहीत होते.

डावपेच म्हणून मात्र हे संवाद सोडू नका. सपोर्टमुळे मिळणारी वाढ टिकाऊ आहे. जोडी लवकर ठरवा आणि दोघांना जवळजवळ ठेवा.

७३ पात्रं म्हणजे चैन ना? मग तक्रार कसली?

शेवटच्या लढाया होतात त्या मनोऱ्यात आइक, मिकाया, सोथ, सनाकी, कुर्थनागा आणि एना हे सक्तीचे असतात. बगळ्याच्या कुळातला एक जण सोबत येतो. त्यांच्याखेरीज तुमच्या निवडीच्या जागा फक्त १०. त्यातही लागूझ राजे हाताशी असतात, आणि ते इतके बलाढ्य की न घेणं जड जातं. म्हणजे चाळीस लढाया ज्यांना वाढवलं त्यांतले पाच-सहाच शेवट पाहतात.

टॉर्मोड, मुआरिम आणि विका यांची गत याहून वाईट. पहिल्या भागात थोडा वेळ दिसतात आणि चौथ्या भागाच्या शेवटाकडे परततात, तोवर सगळे पुढे निघून गेलेले असतात. त्यांच्यावर पहिल्या भागात अनुभव खर्च करू नका.

लागूझांबद्दल समीक्षक आणि जुने खेळाडू दोघेही कुरकुर करतात. का?

साधे लागूझ रूप बदलायला वेळ घेतात, ऐन लढाईत माणसाच्या रूपात परततात आणि त्या स्थितीत मार खातात. त्यांच्यासाठी औषधी गवत आणि लागूझ-खडा वागवावा लागतो. उलट टिबार्न, नाइला, काइनेघिस यांसारखे राजे कायम रूपांतरित राहू शकतात आणि एकटे नकाशा साफ करतात. एक टोक लंगडं, दुसरं टोक अजिंक्य. मधलं काही नाही.

कथेवर टीका कशासाठी? (पुढे कथा उघड होते; न खेळलेल्यांनी हा प्रश्न ओलांडावा)

दोन कारणं. एक म्हणजे तिसऱ्या भागात डेइनला बेग्नियनच्या बाजूने का लढावं लागतं याचं उत्तर 'रक्तकरार' आहे: राजा पेलियासने सही केलेला, मोडला तर प्रजा मरत जाईल असा शाप. किल्वासचा राजा नेसाला याच्याही गळ्यात तोच फास. तोवर देशांचा स्वार्थ, वंशद्वेष, मागच्या पराभवाचा सल अशा मातीतल्या कारणांवर उभी असलेली गोष्ट इथे एका जादूच्या कागदावर टेकते. त्याने मिकायाचं पात्रही दुबळं होतं, कारण तिच्या हातात निवड उरत नाही.

दुसरं म्हणजे चौथ्या भागातली उडी. देवता जाग्या होतात, लोक दगड होतात आणि राजकारण बाजूला पडतं. ज्यांना दुसऱ्या भागातल्या एलिन्शियाच्या दरबारी बंडाळीने जिंकलं होतं त्यांना हे पचलं नाही. पाच प्रकरणांचा तो दुसरा भाग आजही खेळाचा सर्वांत नेटका तुकडा मानला जातो.

कौतुक कशाचं झालं?

लांबी, खोली, नकाशांची रचना, संगीत. उंच कड्यांवरून लढण्याचा फायदा, वेगवेगळी उद्दिष्टं (पकडा, टिकून राहा, पोचा, बचाव करा), तिसऱ्या श्रेणीपर्यंत जाणारी पदोन्नती, आणि काढून दुसऱ्याला देता येणारी कौशल्यं. 'पाथ ऑफ रेडियन्स'मध्ये एखादं कौशल्य काढलं की ते वाया जायचं; इथे ते गुंडाळीच्या रूपात परत मिळतं. कमी गुण देणाऱ्यांनीही लढाईच्या गाभ्याला नावं ठेवलेली फारशी दिसत नाहीत.

बोनस अनुभवाचा नियम बदलला म्हणतात. त्याचा फायदा कसा घ्यायचा?

प्रकरण चांगलं पार केल्यावर मिळणारा बोनस अनुभव तळावर हवा त्याला देता येतो. आधीच्या भागात त्याने लेव्हल वाढली की गुणवाढ नेहमीसारखी नशिबावर असायची. इथे बोनस अनुभवाने मिळालेल्या लेव्हलला बरोबर तीन गुण वाढतात, कमी नाही, जास्त नाही.

म्हणून ज्याचे दोन-तीन गुण कमाल मर्यादेला पोचलेत त्याला तो द्या. भरलेले गुण वगळले जातात आणि तीन वाढी उरलेल्या कच्च्या गुणांवर पडतात. एका लेव्हलला लागणाऱ्या शंभरातले ९० अनुभवगुण लढून मिळवायचे आणि उरलेले १० बोनसमधून भरायचे, ही स्वस्त पद्धत. सुरुवातीला कोऱ्या पात्रावर सगळा साठा ओतणं हा हमखास पस्तावा.

जपानमधला कौल वेगळा होता का?

तुलना करताना मोजपट्टी वेगळी आहे हे आधी पाहा. 'फामित्सू' साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात आणि बेरीज ४० पैकी होते. ती अडीचने गुणून मेटाक्रिटिकशेजारी ठेवणं चूक आहे.

खेळही हुबेहूब तोच नव्हता. पातळ्यांची नावं सोडून आणखी एक फरक: जपानी आवृत्तीत तिसऱ्या श्रेणीत जायला 'मास्टर क्राउन' ही वस्तू लागायची, पाश्चात्त्य आवृत्तीत दुसऱ्या श्रेणीची २० वी लेव्हल ओलांडली की पदोन्नती आपोआप होते. म्हणजे पाश्चात्त्य समीक्षकांच्या हाती या बाबतीत सैल केलेला खेळ आला होता.

'पाथ ऑफ रेडियन्स' आधी खेळायलाच हवा का?

हो. नव्यांना दार नाही ही समीक्षकांची तक्रार शब्दशः खरी आहे. आइक तिसऱ्या भागात प्रवेश करतो तो क्षण, ब्लॅक नाइटशी त्याचं वैर, जिलचं लागूझांबद्दल बदललेलं मन, हे सगळं आधीच्या भागावर उभं आहे. निन्टेंडोने २०२५ मध्ये स्विच २ वरच्या गेमक्यूब खेळांच्या संग्रहात 'पाथ ऑफ रेडियन्स' येणार असल्याचं जाहीर केलं.

आधीच्या भागाचा डाव यात कसा आणायचा? त्याने काय मिळतं?

'पाथ ऑफ रेडियन्स' पूर्ण करून शेवटची 'क्लिअर' नोंद गेमक्यूबच्या मेमरी कार्डावर साठवा. वीच्या झडपेखाली कार्डाची खाच असते, तिथे ते घाला. मग 'रेडियंट डॉन'मध्ये नवा डाव सुरू करताना जुनी नोंद वाचायला सांगा. डाव सुरू झाल्यावर हे करता येत नाही.

पदोन्नत होऊन २० व्या लेव्हलला पोचलेल्या पात्राचा जो गुण कमाल मर्यादेला होता, त्यात इथे वाढ मिळते. 'ए' दर्जाचे सपोर्ट घट्ट नात्याच्या रूपात येतात. पात्र १९ व्या लेव्हलवर राहिलं तर गुणवाढ मिळत नाही, म्हणून मागच्या खेळाच्या अखेरीस मोजक्यांनाच पूर्ण वाढवा.

इथे एक धोका आहे. उत्तर अमेरिकेतल्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये 'इझी' पातळीवर पूर्ण केलेली नोंद वाचायला दिली की खेळ गोठतो. दोष कार्डाचा नसतो. त्या प्रतीवर 'नॉर्मल' किंवा त्यावरची नोंदच वापरा.

आज खेळायचा तर कोणतं यंत्र, कोणती डिस्क?

मूळ वी, ज्याला गेमक्यूबच्या कंट्रोलरची आणि कार्डाची खाच आहे. २०११ ची 'फॅमिली एडिशन' आणि वी यू यांवर खेळ चालतो, पण कार्डाची खाच नसल्याने जुना डाव आणता येत नाही.

डिस्क प्रदेशबद्ध आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी धाडलेली डिस्क युरोपीय वीवर उघडत नाही. यंत्र आणि डिस्क एकाच प्रदेशाची आहेत ना ते पैसे देण्याआधी पाहा. जुन्या प्रती चढ्या भावाने विकल्या जातात, म्हणून विक्रेत्याकडे डिस्कच्या मागच्या बाजूचा आणि खेळ चालू असतानाचा, असे दोन्ही फोटो मागा.

शत्रूच्या फेऱ्या तिसऱ्या भागात फार लांबतात. मांडणीत जाऊन लढाईची दृश्यं बंद करा, वेळ निम्म्याहून कमी लागतो.

नंतर लोकांचं मत बदललं, ते कशामुळे?

उत्तर अमेरिकेत खेळ आल्यावर चार महिन्यांत 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' आला आणि त्यात आइक होता. ज्यांनी हे दोन भाग पाहिलेही नव्हते त्यांना तो माहीत झाला. २०१७ मध्ये 'फायर एम्ब्लेम हीरोज' या मोबाइल खेळाने घेतलेल्या पहिल्या लोकप्रियतेच्या मतदानात पुरुष पात्रांत आइक पहिला आला. २०२३ च्या 'एंगेज'मध्ये आइक आणि मिकाया दोघेही आहेत.

दुसरं कारण वेळेचं. 'रेडियंट डॉन'नंतर मालिका हातातल्या यंत्रांवर गेली आणि घरच्या टीव्हीवर तिचा नवा मुख्य भाग यायला २०१९ उजाडलं. मधल्या बारा वर्षांत मोठ्या पडद्यावर एवढा मोठा डाव हवा असलेल्यांना इथेच परत यावं लागलं. आणि आठवडाभरात संपवून गुण देण्याची सक्ती नसलेल्या माणसाला चाळीस लढायांचा खेळ वेगळा दिसतो.

जुनी समीक्षा वाचताना काय तपासावं?

लेखकाने कोणती पातळी खेळली ते, आधीचा भाग खेळला होता का ते, आणि तिसऱ्या भागातल्या प्रकरणांचा उल्लेख येतो का ते. तक्रारी फक्त डॉन ब्रिगेडच्या दुबळेपणाच्या असतील तर लेखक पहिल्या भागापुढे फारसा गेलेला नसावा. उलट रक्तकरार, विस्कटलेला चौथा भाग, शेवटच्या दहा जागा यांवर बोलणारी समीक्षा कमी गुणांची असली तरी विश्वास ठेवण्याजोगी.

एकदा खेळून पुरतं का?

गोष्ट पूर्ण हवी असेल तर नाही. पेलियासला वाचवण्याचा आणि सेफिरानला आपल्या बाजूला घेण्याचा मार्ग पहिल्या डावात उघडतच नाही. तो दुसऱ्या डावात, ठरावीक अटी पाळल्या तरच मिळतो. पहिल्या डावाची शेवटची नोंद पुसू नका, दुसरा डाव तिच्यावरच सुरू करायचा असतो.